वेग विकत मिळतो, हात मिळत नाही

पोस्ट लांब आहे. गाडीवाल्या पोरांनी शेवटपर्यंत वाचा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या.

परवा रात्री जेवणानंतर करावे गावातल्या नाक्यावर आमची नेहमीची मंडळी उभी होती. विषय एकच, डीएसजी भारी की मॅन्युअल? एका पोराने व्हर्टस जीटी बुक केलीय, 150 हॉर्सपॉवर, डीएसजी. मी सहज विचारलं, मॅन्युअल का नाही घेतलीस? तर म्हणाला, "काका, मॅन्युअल आता म्हातारे घेतात." सगळे हसले. मीपण हसलो. पण घरी येऊन पडलो आणि पाम बीचवरून कुणाची तरी गाडी गिअर बदलताना तो 'फट् फट्' आवाज करत गेली. मग झोप काही लागली नाही.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. डीसीटी मॅन्युअलपेक्षा फास्ट आहे, त्यात वादच नाही. आत दोन क्लच असतात. एकावर 1, 3, 5, 7 हे गिअर, दुसऱ्यावर 2, 4, 6. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हाच चौथा लागून तयार बसलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, संपलं. माणसाचा हात-पाय त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. 2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर32 मध्ये हे आणलं आणि तिथून खेळ बदलला.

आता आपल्याकडे काय झालं बघा. पहिली ऑक्टाव्हिया आरएस आली ती 150 हॉर्सपॉवर आणि 5 गिअर मॅन्युअल. मग लॉरा आरएस, तीही मॅन्युअल. 2017 ची आरएस 230 आली ती फक्त डीएसजी. 2025 मध्ये गोल्फ जीटीआय आणि नवी ऑक्टाव्हिया आरएस आली, दोन्ही पन्नास लाखांच्या आसपास, दोन्ही फक्त डीएसजी. ताकद वाढत गेली आणि डावा पाय रिकामा होत गेला.

"काका, ट्रॅफिक किती आहे!" हे उत्तर मला पाठ आहे. सायन-पनवेल हायवेवर संध्याकाळी ऑटोमॅटिक पाहिजेच, माझ्या बायकोची गाडी पण ऑटोमॅटिकच आहे. गुडघे दुखणाऱ्याला, अपंग माणसाला ते वरदान आहे. पण मग ट्रॅफिकसाठी डीसीटीच कशाला? कोरड्या क्लचचा डीसीटी रांगेत सरकताना तापतो. खुद्द फोक्सवॅगनने 2020 मध्ये पोलोतला 7 स्पीड डीएसजी काढून साधा टॉर्क कन्व्हर्टर दिला. तेव्हा खरं बोला. तुम्ही डीसीटी ट्रॅफिकसाठी घेत नाही, लाँच मारायला घेता.

आणि लाँच मारणार कुठे? पाम बीचवरच ना?

माझा मुद्दा इथे आहे. मी टेम्पोवर शिकलो. बापाने पारसिक हिलच्या चढावर कितीतरी दिवस नुसता हाफ क्लच करायला लावला. गाडी मागे सरकली की मानेवर थाप. तेव्हा राग यायचा. आता कळतं की तो मला क्लच शिकवत नव्हता, लोखंडाचं वजन शिकवत होता. मॅन्युअलमध्ये प्रत्येक गिअरला वेगाची किंमत मोजावी लागते. चुकलात की गाडी झटका देते, बंद पडते, चारचौघांत लाज काढते. एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, मग रील बनवायला तिसरा हात आणणार कुठून? डीसीटीत हे सगळं गळून पडतं. पाय दाबला की 120. गाडीला सगळं येतं, म्हणून पोराला वाटतं आपल्यालाच येतं.

पाम बीचवर मर्यादा 60 ची आहे. 60 ला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते, 120 ला 33 मीटर. आणि ब्रेक लागून थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. हे गणित दोन क्लच लावून बदलत नाही. सारसोळेची जेट्टी या रस्त्याच्या पलीकडे आहे. जाळी घेऊन खाडीवर जाणारा माणूस हाच रस्ता ओलांडतो.

मॅन्युअल घेतली म्हणून कुणी संत होत नाही, हेही सांगतो. मॅन्युअल गाड्याही उलटल्यात. पण 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आठवा. पोलिसांच्या म्हणण्यानुसार 17 वर्षांचा मुलगा पोर्शे चालवत होता आणि दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. प्रकरण कोर्टात आहे, त्यावर मी बोलत नाही. एवढंच म्हणतो, त्या इलेक्ट्रिक गाडीला क्लच नव्हताच. बसायचं आणि दाबायचं.

कायदा बघा. बिनगिअरची स्कूटर आणि गिअरची बाईक यांना लायसन्समध्ये वेगळे वर्ग. पण कारला सगळं एकच एलएमव्ही! चाचणी द्यायची अल्टोवर आणि दुसऱ्या दिवशी 265 हॉर्सपॉवरमध्ये बसायचं. युरोपात मोटरसायकलला ताकदीप्रमाणे लायसन्सचे टप्पे आहेत. आपल्याकडे ठरावीक ताकदीवरच्या कारला वेगळी चाचणी का नको? पन्नास लाख मोजणाऱ्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग महाग पडणार आहे का?

आणि कंपन्यांनी "मॅन्युअलला गिऱ्हाईक नाही" हे रडगाणं बंद करावं. पोर्शेने 2013 ची 911 जीटी3 मॅन्युअलशिवाय आणली. लोक ओरडले. 2017 ला तीच गाडी मॅन्युअलमध्येही द्यावी लागली. व्हर्टस जीटी प्लस आधी फक्त डीएसजी होती, 2023 ला मॅन्युअल आली. टाटाची अल्ट्रोझ रेसर 2024 ला आली ती फक्त मॅन्युअलमध्ये. मागितलं की मिळतं. मागा तरी!

शेवटचं आपल्या गाववाल्यांसाठी, जरा कडू आहे. सिडको आली, मिठागरं गेली, शेतं गेली. साडेबारा टक्क्यांसाठी आपल्या बापांनी चपला झिजवल्या. त्या पैशातून अठराव्या वर्षी पोराला दीडशे हॉर्सपॉवर देताय, द्या. पण आधी वर्षभर जुन्या मॅन्युअल गाडीवर घासून घ्या. वेगाची हौस असेल तर चेन्नई, कोइम्बतूरला ट्रॅक आहेत, तिकडे न्या. जमीन गेली ती गेली. पोरगा जाऊ देऊ नका, आणि त्याच्या हातून दुसऱ्याचाही नको.

दादूस, ती व्हर्टस आली की पहिला पेढा मला दे. आणि एक रविवार माझ्या जुन्या गाडीवर पारसिक हिलला ये. चढावर हाफ क्लच जमला तर म्हाताऱ्यांवर हसायचा हक्क तुझा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पाम बीचवर नको.