किल्ली कोणापाशी?

जपानमधील झोजिरुशी या कंपनीने २००१ साली पाणी तापविण्याचे एक विजेचे भांडे बाजारात आणले. एकट्या राहणाऱ्या वृद्ध मातेने चहासाठी त्यातून पाणी घेतले की त्याची नोंद होई आणि दिवसातून दोन वेळा ती दूरच्या शहरातील मुलाला ई-मेलने कळे. सकाळी पाणी घेतले गेले, म्हणजे आई उठली. घेतले गेले नाही, तर चौकशी करावयाची. आईची खुशाली एका भांड्याने सांगावी, याचे त्या काळी आपणांस नवल वाटले असते. आज कोथरूड, डोंबिवली वा धरमपेठेतील कितीतरी घरांत केवळ आई-वडील राहतात, मुलगा अमेरिकेत आणि मुलगी बंगळुरूला असते आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर कॅमेरा बसलेला असतो. जपानला नावे ठेवण्याचा अधिकार आपण गमावला आहे.

तंत्रज्ञानाकडे पाहून नाक मुरडावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. या क्षेत्रात भारताने केलेले काम अभिमानास्पद आहे. आंध्रातील चित्तूर जिल्ह्यातले अरगोंडा हे खेडे आणि चेन्नईचे अपोलो रुग्णालय यांना इस्रोने २००१ मध्ये उपग्रहाद्वारे जोडले. पुढे मोहालीच्या सी-डॅकने ‘ई-संजीवनी’ ही स्वदेशी प्रणाली विकसित केली. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची अधिकृत नियमावली प्रसिद्ध झाली. एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. ई-संजीवनीवरील सल्ल्यांची संख्या तीस कोटींच्या पुढे गेली आहे. दूरस्थ आरोग्यसेवेची इतकी मोठी व्यवस्था जगात क्वचितच आढळेल.

परंतु या यशाचे मर्म कशात आहे, हे नीट पाहिले पाहिजे. या तीस कोटींपैकी बहुतांश सल्ले रुग्णाने एकट्याने मोबाईल उघडून घेतलेले नाहीत. गावातील आरोग्य केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाच्या शेजारी बसते, रक्तदाब मोजते, त्याची तक्रार डॉक्टरांना समजेल अशा शब्दांत सांगते आणि औषध हाती देऊन ते कसे घ्यावयाचे हे समजावते. यंत्राच्या या टोकाला माणूस आहे, म्हणून ते यंत्र उपयोगी पडते.

ब्रिटनचा अनुभवही हेच सुचवितो. तेथील सरकारने २००८ पासून कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचा न्यूहॅम या तीन भागांत सहा हजारांहून अधिक लोकांना घेऊन एक मोठी चाचणी केली. मधुमेह, हृदयविकार आणि फुप्फुसांचे जुने विकार असलेल्यांच्या घरी मोजमापाची उपकरणे बसविली, तर इतर गरजूंना संकटसूचक बटणे आणि संवेदक दिले. पहिल्या गटात मृत्यूंचे आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण काहीसे घटले, पण झालेल्या खर्चाच्या मानाने लाभ तोकडा ठरला. दुसऱ्या गटात तर रुग्णालयावरचा भार म्हणण्यासारखा कमी झालाच नाही. उपकरण घरात आणल्याने काळजी घेणारा माणूस आपोआप येत नाही, असाच याचा अर्थ मला दिसतो.

आपल्याकडे एक साधी अडचण आहे, जिची चर्चा विक्रेते करीत नाहीत. समजा, वडिलांच्या गळ्यात बटण आहे. रात्री दोन वाजता न्हाणीघरात पाय घसरला, त्यांनी बटण दाबले, दूरच्या केंद्रात घंटा वाजली, मुलालाही संदेश गेला. पुढे काय? दाराला आतून कडी आहे. बाहेर जाळीचे दार, त्यालाही कुलूप. रुग्णवाहिका आली तरी जिन्यात उभी राहणार. तेव्हा पाच-दहा हजारांचे यंत्र घेण्यापूर्वी दाराला बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवावे, रात्री कडी लावू नये आणि दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. ज्या घराला किल्ली सोपविण्याजोगा एकही शेजारी नाही, त्या घराचे दुखणे कोणतेही यंत्र बरे करणार नाही.

कॅमेऱ्याचीही गोष्ट अशीच. चिरंजीव न्यू जर्सीतून आईवर लक्ष ठेवतात, पण आईला विचारले होते का? आयुष्यभर घर चालविलेल्या स्त्रीला पदर सारखा करण्यापूर्वी भिंतीकडे पाहावे लागत असेल, तर तिला सेवा म्हणणे कठीण आहे. आई-वडिलांच्या चरितार्थासाठी आपल्या संसदेला २००७ साली कायदा करावा लागला, हीच खरे तर लाजेची बाब. त्यात निर्वाहभत्ता मागता येतो, सहवास मागता येत नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? १९७२ च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहेत. तेथून चाकाची खुर्ची, वॉकर, रुग्णशय्या अल्प शुल्कात मिळते. त्याच केंद्रांतून रक्तदाबमापक आणि ऑक्सिमीटर द्यावेत, आणि त्यांच्याबरोबर वस्तीतील एक प्रशिक्षित भगिनी किंवा तरुणही द्यावा. आठवड्यातून दोनदा त्याने घरी जावे, आकडे वहीत लिहावेत, डॉक्टरांशी संपर्क जोडून द्यावा, पायावरची सूज दिसेल असा मोबाईल धरावा. निवृत्त परिचारिका अनेक वसाहतींत आहेत, त्यांना कोणी विचारीत नाही एवढेच. झोपेच्या आणि गुंगीच्या काही औषधांना दूरस्थ सल्ल्यावर बंदी आहे, हेही घरच्यांना त्याच वेळी सांगता येईल.

परदेशस्थ मुलांकडून या कामासाठी निधी अवश्य घ्यावा. मात्र पैसे पाठविल्यानंतर दर रविवारी अर्धा तास आईशी बोलण्याचे बंधनही त्यांच्यावर घालावे, आणि ते बोलणे रक्तदाबाच्या आकड्यांविषयी नसावे.