एक स्वच्छ प्रत हवी आहे

प्रति,
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे;
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन;
सह्याद्री वाहिनी, मुंबई दूरदर्शन;
आणि ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटाचे हक्क आज ज्यांच्याकडे असतील ते सर्व



गेल्या 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीच्या रात्री, अकोटजवळच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात आम्ही बाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाला’ दाखवला. दोन पांढरी धोतरं एकत्र शिवून बांबूला ताणून बांधली, तो पडदा. खाली अकोटच्या सतरंज्या. प्रोजेक्टर शाळेचा, स्पीकर भजनी मंडळाचा. बायांनी आणि पोरांनी सकाळपासून गाव झाडून काढलं होतं. बाबांच्या नावाचा कार्यक्रम असला की आधी गाव झाडायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

कीर्तन आलं. पडद्यावर डॉ. श्रीराम लागू, डोक्यावर गाडग्याचं खापर, अंगावर चिंध्या. बाबांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. ते विचारणार, लोकांनी उत्तर द्यायचं. त्या रात्री पडद्यावरच्या लोकांच्या आधी सतरंजीवरचा एक म्हातारा मोठ्यानं बोलला, “नाई बावा, नाई!” मग त्याच्या मागचा बोलला. बघता बघता सगळं पटांगण उत्तरं द्यायला लागलं, पोरंसुद्धा. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातली एक माय बसली होती. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, “हे तं बावाच बोलून राह्यला ना.”

आणि नेमका तेव्हाच आवाज फाटला. बाबांचा पुढचा सवाल घरघरीत बुडाला. लोक थांबले, एकमेकांकडे पाहू लागले. कुणी चिडलं नाही, कुणी उठूनही गेलं नाही. ज्यांना तो सवाल पाठ होता त्यांनी तो मागे बसलेल्यांना सांगितला. मागून उत्तर आलं आणि कीर्तन पुढे चाललं.

हे पत्र मी त्या बुडालेल्या सवालासाठी लिहितो आहे.

आमच्या हाताशी जी प्रत आहे ती कुणीतरी कधीतरी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली, आणि त्या उतरवलेल्यावरून पुन्हा उतरवलेली. चेहरे धुरकट, चौकटीच्या कडा कापलेल्या, कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचा शिक्का. एक चांगली प्रत मिळावी म्हणून मी दोन वर्षं पत्रं लिहिली. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं पहिल्याकडे. ती नावं इथे लिहीत नाही, मला भांडण करायचं नाही. ज्यांच्याकडे किल्ली असेल त्यांनी कुलूप उघडावं, एवढंच मागणं आहे.

हा चित्रपट 1977 सालचा. लिहिला गो. नी. दांडेकरांनी, दिग्दर्शन राजदत्त यांचं. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बाबा जन्मले 23 फेब्रुवारी 1876 ला शेंडगावला, अंजनगाव सुर्जी तालुक्यात. गोनीदा जन्मले 1916 साली परतवाड्यात. राजदत्त, म्हणजे दत्तात्रय मायाळू, धामणगावचे. तिन्ही गावं अमरावती जिल्ह्यातली. अकोटच्या स्टँडवरून परतवाड्याच्या एसटीत बसलं की वाटेत अंजनगाव लागतं, आणि तिथून शेंडगाव जवळच. 2024 साली राजदत्त यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी आनंदानं पेढे वाटले. त्यातल्या बहुतेकांनी त्यांचा एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिलेला आहे, तो हा.

गोनीदांनी बाबांना पुस्तकातून ओळखलं नव्हतं. शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत घर सोडलेला तो पोरगा पुढे बाबांच्या सहवासात राहिला, त्यांच्याबरोबर हिंडला. ते भटकंतीचे दिवस ‘स्मरणगाथे’त आले आणि त्या पुस्तकाला 1976 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला. ज्यानं बाबांच्या मागे चालत धूळ खाल्ली, त्यानंच बाबांना पडद्यावर आणलं. म्हणून या चित्रपटातले बाबा कॅलेंडरवरच्या संतासारखे वाटत नाहीत. ते खराटा धरतात तो काम करणाऱ्या माणसासारखा धरतात.

आपल्याकडे जुन्या काळावरचं नाटक-सिनेमा म्हटलं की आधी पेशवाई आठवते. मलाही आठवते. गोनीदांची नात मृणाल देव ‘स्वामी’ मालिकेत रमाबाई झाली, तेव्हा मी पुण्यात मावशीकडे होतो आणि त्या मालिकेनं घरातली सगळी माणसं एका खोलीत आणून बसवली होती. त्या मालिकेमागची रणजित देसाईंची कादंबरी आईनं पारायण करावं तशी वाचलेली. नथ, शालू, अंबारी, शनिवारवाडा, हे सगळं मला आवडतं आणि पुढेही आवडेल. पण वऱ्हाडचाही एक काळ आहे. त्या काळात आमच्याकडे वाडे थोडे होते, सावकाराच्या वह्या फार होत्या.

अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या वर्षांत आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडला, आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जं शेतकऱ्याच्या गळ्याशी आली. डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, जन्मला तो त्यानंतर अकरा वर्षांनी, परिटाच्या घरी. बाप दारूनं गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या भावाच्या घरी आली. तिथे डेबूजीनं ढोरं राखली, नांगर धरला, आणि मामाची जमीन सावकाराच्या कागदात कशी गडप होते तेही डोळ्यांनी पाहिलं. मुलीच्या बारशाला जातभाईंना रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यानं गोडाचं जेवण घातलं, तेव्हा पंगतीत काय कुजबुज झाली असेल ते वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1905 साली त्यानं घर सोडलं.

हा आमचा ‘जुना काळ’. त्याचा पोशाख चिंध्यांचा आहे आणि त्याचं सिंहासन म्हणजे रस्त्याकडेचा दगड. ऐतिहासिक चित्रपट बघताना माणूस सहसा म्हणतो, काय दिवस होते ते! हा चित्रपट बघताना आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. कारण ते दिवस गेलेले नाहीत. तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढू नका असं बाबा सांगतात, आणि ऐकणाऱ्यांत गेल्याच महिन्यात ते कर्ज काढलेला माणूस बसलेला असतो. दारूबद्दल बोलतात तेव्हा बायका सरसावून बसतात. मी हे दर वर्षी पाहतो. पन्नाशीला आलेल्या या चित्रपटाची ओढ कमी का होत नाही, याचं कारण मला तिथे सतरंजीवर सापडलं. त्याच्यात जो काळ आहे त्या काळाची देणी अजून फिटलेली नाहीत.

दुसरं कारण भाषा. बाबांचं बोलणं ठेट वऱ्हाडी. पडद्यावर वऱ्हाडी माणूस आला की तो बहुतेक वेळा हसवायला आलेला असतो, ढगळ धोतरातला, भोळसट. आमची मुलं शहरात शिकायला गेली की पहिल्या आठ दिवसांत ‘मले-तुले’ सोडून ‘मला-तुला’वर येतात, कारण वर्गात कुणीतरी हसलेलं असतं. ‘देवकीनंदन गोपाला’त ही बोली देवाबद्दल बोलते, मरणाबद्दल बोलते, शाळेबद्दल आणि सावकाराबद्दल बोलते, आणि त्यावर कुणी हसत नाही. ती बोलणारा माणूस साताऱ्याला जन्मलेला, पेशानं कान-नाक-घशाचा डॉक्टर. डॉ. लागूंनी वऱ्हाडी अगदी बिनचूक बोलली असं मी म्हणणार नाही, इथल्या कानाला कुठे कुठे ते कळतं. पण त्या बोलीचा श्वास त्यांनी पकडला, वाक्याच्या शेवटी आवाज सोडून द्यायची पद्धत पकडली. 1956 च्या नोव्हेंबरात बाबांनी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकावं आणि मग लागूंना ऐकावं. दोन्ही आवाज निराळे आहेत, पण सवाल विचारताना अंगातला उतावीळपणा एकच आहे.

आणखी एक गोष्ट मला नेहमी जाणवते. डॉ. लागू जाहीरपणे नास्तिक होते. देव ही कल्पना आता निवृत्त करावी असं त्यांनी लिहिलं, त्यावर महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. बाबा नामाचा गजर करायचे आणि त्याच कीर्तनात लोकांना विचारायचे, की दगडात देव आहे का, नवसानं पोरं होतात का. हे सवाल ज्याला स्वतःला पडलेले नाहीत अशा नटाच्या तोंडी ते पाठांतर झाले असते. लागूंच्या तोंडी ते खरे वाटतात. 17 डिसेंबर 2019 ला ते गेले. तीन दिवसांनी पुण्यतिथीला आम्ही चित्रपट लावला तेव्हा सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहायचं ठरवलं होतं. एक शेतमजूर म्हणाला, “बावानं उभं नसतं राहू देल्लं. झाडू द्या हातात.” मग आम्ही पटांगण पुन्हा एकदा झाडलं आणि बसलो.

आता मागणं नीट मांडतो.

या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आणि ध्वनीची निगेटिव्ह कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे संग्रहालयानं जाहीर करावं. फिल्म ही नाशवंत वस्तू आहे. दमट खोलीत राहिली की तिच्यातून आंबूस वास सुटतो, ती आकसते, वाकते, आणि मग यंत्रावर चढत नाही. 2003 साली पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाचे किती जुने चित्रपट कायमचे गेले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 2022 साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सुमारे 2200 चित्रपटांच्या डागडुजीसाठी 363 कोटी रुपये जाहीर केले. त्या यादीत हा चित्रपट असेल तर काम कुठवर आलं ते सांगा. नसेल तर घ्या.

आवाजाची साफसफाई करताना एक काळजी घ्यावी ही कळकळीची विनंती. जुना आवाज स्वच्छ करायच्या नादात तो गुळगुळीत होतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या एकदोन जाणत्या माणसांना त्या कामाच्या वेळी शेजारी बसवा. कोणता खरखराट फिल्मचा आणि कोणता बाबांच्या बोलण्यातला, ते यंत्राला कळणार नाही.

आणि ही प्रत गावांना फुकट दाखवायची परवानगी द्या. ग्रामपंचायत, शाळा, महिला बचत गट, भजनी मंडळ, यांनी एक अर्ज करावा आणि प्रत मिळावी. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही, शासनानं त्यांना योग्य मोबदला द्यावा. बाबांच्या नावानं शासन ग्रामस्वच्छता अभियान चालवतं, आमच्या विद्यापीठाला बाबांचं नाव आहे. त्या नावाखाली हा खर्च शोभेल.

कोरकू मुलांसाठीही काही करता आलं तर करा. मेळघाटातून पुनर्वसन होऊन आलेली कोरकू गावं आमच्या अकोट तालुक्यात आहेत. तिथली मुलं मराठी शाळेत शिकतात, पण घरात कोरकू बोलतात. एका गावात चित्रपट चालू असताना तिथलाच एक शिक्षक माइकवर कोरकूत सांगत होता. आधी मला तो व्यत्यय वाटला. मग पाहिलं, मागच्या म्हाताऱ्या बायका पुढे सरकून बसल्या होत्या. तसं निवेदन एकदा नीट ध्वनिमुद्रित करून प्रतीसोबत दिलं तर सातपुड्याच्या पायथ्याला बाबा पुन्हा पोचतील.

या निमित्तानं नवा चित्रपट काढा, मालिका काढा, असं काही लोक सुचवतात. जरूर काढावी. ‘श्यामची आई’ 1953 साली आचार्य अत्र्यांनी काढला, 2023 साली पुन्हा नवा निघाला, आणि त्यामुळे जुन्याचं काही बिघडलं नाही. पण जुना चित्रपट धड दिसत-ऐकू येत नसताना नव्यावर पैसा ओतणं मला पटत नाही. आधी आहे ते झाडून-पुसून ठेवावं.

2026 हे बाबांचं दीडशेवं जयंती वर्ष, 2027 साली चित्रपटाला पन्नास वर्षं होतात. या दोन वर्षांत काम झालं तर त्याला अर्थ आहे. ज्यांनी बाबांना डोळ्यांनी पाहिलं आणि कीर्तनात उत्तरं दिली, अशी माणसं अजून गावोगावी थोडी शिल्लक आहेत. बाबा 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गेले. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोरगं आज ऐंशीच्या घरात आहे. माझ्या शेजारी बसलेली ती माय त्यांच्यातलीच.

प्रत तयार झाली तर पहिला प्रयोग मुंबई-पुण्यात न करता याच पटांगणात करा. पडद्यासाठी नवं कापड आम्ही आणू, सतरंज्या आहेत. अकोल्याहून अकोटला रेल्वे आहे, एसटी आहे, पुढे गावापर्यंत न्यायला आमची माणसं येतील. डिसेंबरात रात्री सातपुड्यावरून गार वारा सुटतो, म्हणून येणाऱ्यांनी अंगावर घ्यायला जाडसर काहीतरी आणावं. राहण्याची सोय माझ्या घरी आहे, जेवायला भाकर आणि ठेचा. सकाळी लवकर या, गाव झाडायला मदत होईल.

आपला,
अकोटचा एक निवृत्त शिक्षक