समजून घ्या : गौतमीच्या कार्यक्रमात गोंधळ, दोष फक्त पोरांचाच?

गौतमी पाटीलच्या कार्यक्रमात गोंधळ झाला की बातमी ठरलेली : हुल्लडबाजी, खुर्च्यांची मोडतोड, पोलिसांचा लाठीमार. शिव्या प्रेक्षकांना, आयोजक मात्र बॅनरवर हात जोडून उभे!

2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या बेडगला प्रेक्षक थेट शाळेच्या छपरावर चढले, कौले फुटली. हे समर्थनीय नाहीच. शाळा गावाचीच आहे. पण माणूस छपरावर चढतो, कारण खाली जागा नसते. आपल्या जिल्ह्यात बार्शीला मे 2023 मध्ये वेळेवरून वाद झाला आणि आयोजक तक्रार घेऊन पोलिसांत गेले. ताटकळलेल्या प्रेक्षकाने कुठे जायचे?

आता साधे गणित. सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला फार तर 80 माणसे सुरक्षित बाहेर पडतात. दोन मीटरचे एकच फाटक आणि मैदानात 10 हजार लोक असतील, तर मैदान रिकामे व्हायला तासाहून जास्त वेळ लागेल. एका चौरस मीटरमध्ये पाचहून जास्त माणसे झाली की ढकलाढकली कुणाच्याच हातात राहत नाही. तिथे लाठी चालवली तर लोक पळणार कुठे?

रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हे आयोजकांना आधीच माहीत असते. तरी कार्यक्रम लांबतो. परवानगी देतानाच मैदानाची क्षमता, फाटकांची संख्या आणि महिलांसाठी वेगळी वाट लिहून घ्या. मोडतोडीची भरपाई आयोजकांच्या अनामत रकमेतून कापा.