मॉड केलंय ना? मग भोगा!

यंत्र कायमचं बंद पडलं तर बिचाऱ्याची दुरुस्ती सोपी असते. खरा जीव खातं ते मधूनच बंद पडणारं यंत्र. घरी रुसतं, दुकानात नेलं की शहाण्या बाळासारखं चालतं. दुकानदार आपल्याकडे वेड्यासारखा बघतो, आपण ओशाळून घरी येतो आणि घरी आल्यावर ते पुन्हा रुसतं. त्यातून ते यंत्र म्हणजे मॉड केलेला गेम कन्सोल असेल तर विचारूच नका. तक्रार पुरती सांगून व्हायच्या आत निकाल लागलेला असतो: "मॉड केलंय ना? मग असंच होणार."

मंडळी, माझं भांडण या एका वाक्याशी आहे. हे निदान नाही, हा आरोप आहे. आणि आरोप केला की तपास करायची गरज उरत नाही, हीच त्यातली खरी सोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्लेस्टेशन २, म्हणजे आपला पीएसटू, ४ मार्च २००० ला जपानमध्ये आला आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. तोवर जगभरात १५ कोटींहून जास्त विकले गेले होते. आपल्याकडे त्यातल्या कित्येकांच्या पोटात मॉड चिप बसलेली असायची. ही चिप मदरबोर्डवर बारीक वायरींनी सोल्डर करतात आणि ती डिस्क अस्सल आहे की नाही, कुठल्या रीजनची आहे, या तपासणीला बगल देते. कॉपी केलेले गेम चालवायला बहुतेकांनी ती बसवली, हे उघड गुपित आहे. त्यावर सोवळं नेसून बोलायचं कारण नाही.

आता मूळ मुद्दा. रत्नागिरीला माझ्या मावसभावाकडे असाच एक जुना, जाडा, मॉड केलेला पीएसटू आहे. तो कधी डिस्क वाचायचा, कधी नाही. पहिल्या दुकानात निदान झालं, "लेन्स गेली." नवीन लेन्स बसली, पैसे गेले, पंधरा दिवस सुखाचे गेले आणि पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात सांगितलं, "चिपमुळे होतंय, चिप काढा, नाहीतर आम्ही हात लावणार नाही." तिसरं निदान घरचंच: "फेकून दे तो डबा!"

गणपतीला गेलो तेव्हा हा डबा माझ्यापुढे आला. आम्ही स्क्रू ड्रायव्हर लगेच हातात घेतला नाही. आधी एक वही घेतली. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको, मधूनच येणाऱ्या बगवर पहिलं औषध म्हणजे लॉग. तारीख, वेळ, कन्सोल किती तास बंद होता, डिस्क कुठली, चिप चालू की बंद, डिस्क वाचली की नाही. बस.

डिस्क तीन घेतल्या. एक अस्सल डीव्हीडी, एक अस्सल सीडी (पीएसटूच्या सीडीची खालची बाजू निळी असते) आणि एक घरी बर्न केलेली डीव्हीडी-आर. तीन का? कारण सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एक प्रकार वाचतोय आणि दुसरा अजिबात नाही, असं झालं तर संशय त्या त्या लेसरवर किंवा त्याच्या ॲडजस्टमेंटवर जातो. बर्न केलेल्या डिस्कवरून साधारणपणे छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परत येतो. त्यामुळे लेसर म्हातारा होत असेल तर बर्न केलेली डिस्क आधी अडते आणि अस्सल नंतर. राहिली चिप. बऱ्याच चिपना बटण दाबून ठेवून गप्प बसवता येतं, ही पण तशीच होती. म्हणजे चिप न काढता, एक थेंबही सोल्डर न वितळवता, चिपच्या कामकाजाची उलटतपासणी होते. दुसऱ्या दुकानाला हे सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना करायचं नव्हतं.

चार दिवसांच्या नोंदींनंतर चित्र स्पष्ट झालं. अस्सल डिस्कला चिप चालू असो वा बंद, फरक शून्य. अस्सल डिस्क असो वा कॉपी, फरक शून्य. सीडी-डीव्हीडी, फरक शून्य. फरक पडत होता तो एकाच गोष्टीने: रात्रभर बंद असलेला कन्सोल सकाळी पहिली वीसेक मिनिटं डिस्क वाचत नव्हता, आणि एकदा आतून गरम झाला की दिवसभर लोण्यासारखा चालत होता. दुकानात का चालायचा तेही कळलं. घरी तासभर झटापट करून, गरम झालेला कन्सोल पिशवीत घालून तसाच नेला जायचा!

आता रत्नागिरीची हवा आठवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि समुद्र उशाशी. कपाटातले चपला-बूट हिरवे होतात तिथे. तांब्यापितळेवर चार दिवसांत काळपट थर चढतो, तो काय कन्सोलमधल्या कॉन्टॅक्टना सोडणार?

मग डबा उघडला, अर्थातच प्लग काढून. (वरचं झाकण काढून कन्सोल चालू केलात तर लेन्समध्ये डोळा घालू नका. इन्फ्रारेड दिसत नाही, डोळ्याला मात्र लागतो.) नियम एकच, एका वेळी एकच बदल. पहिल्या दिवशी लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसली, बाकी कशाला हात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रड. म्हणजे लेन्सवरचा दमटपणा नव्हे. मग लेसरकडे जाणारी चपटी रिबन केबल काढली. टोकाचे कॉन्टॅक्ट मळकट झालेले. तेही पुसले, दोन्ही बाजूंचे सॉकेट साफ केले, केबल नीट बसवली. पुढच्या सगळ्या सकाळी कन्सोलने पहिल्या झटक्यात डिस्क वाचली. दिवाळीपर्यंत एकही तक्रार नाही.

आणि इथेच पहिल्या दुकानाचं कोडं सुटतं. लेन्स बदलल्यावर पंधरा दिवस चांगले का गेले? लेन्स बदलताना तीच रिबन केबल काढून पुन्हा लावावी लागते. काढ-घालीत कॉन्टॅक्ट घासले गेले आणि तात्पुरता गुण आला. श्रेय मिळालं लेन्सला. चांगली लेन्स कचऱ्यात गेली, खराब जोडणी जागेवर राहिली. पार्ट बदलला म्हणजे दोष सापडला असं नसतं हो! आपणही सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद करतो, ते याच जातीचं.

"म्हणजे चिप कधीच दोषी नसते काय?" असते ना. काही मॉडेलमध्ये चिप बसवल्यावर लेन्स हलवणाऱ्या कॉइलमध्ये नको तेव्हा करंट राहून ती जळते, हे मॉड करणाऱ्यांच्या जगात जुनं प्रकरण आहे, आणि त्यावरचे उपायही त्याच लोकांनी शोधले. सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसला नाही तर कोकणच्या दमट हवेत तो गंज आणतो. हलणारी वायर तुटते. पण यातली प्रत्येक गोष्ट तपासून सिद्ध करता येते. मग तपासा की! "मॉड केलंय" एवढ्यावर फाशी कशाला?

यावर हुकमी उत्तर येतं, "अहो, मॉड करणंच बेकायदा आहे." थांबा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलं. तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कधी? हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. हेतू हा शब्द तिथे आहे. म्हणजे पायरसीची चिप बसवणारा त्यात सापडू शकतो, ते मी नाकारत नाही. पण रिबन केबल पुसणाऱ्याला कुठलं कलम लावणार?

अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक. तिथे स्वतःच्या कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती सवलत मिळायला ऑक्टोबर २०२१ उजाडलं! त्यातही अट अशी की दुरुस्तीनंतर कुलूप पुन्हा होतं तसं लावायचं. ही सवलत का लागली? कारण पीएसटूनंतरच्या कन्सोलमध्ये ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांची इलेक्ट्रॉनिक गाठ मारलेली असते. दुसऱ्या कन्सोलमधला धडधाकट ड्राइव्ह आणून लावला तरी तो गेम चालवत नाही. २०२३ अखेरच्या प्लेस्टेशन ५ चा ड्राइव्ह तर चक्क सुटा निघतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून परवानगी घ्यावी लागते. उद्या तो सर्व्हर बंद झाला की काय करायचं?

म्हणजे गंमत बघा. कंपनीने कुलूप असं लावायचं की दुरुस्तीसाठी मॉड करावंच लागेल, आणि मॉड केलं म्हणून दुरुस्ती नाकारायची. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती असणं आणि हातात पार्ट, सर्किटचा नकाशा असणं यात रत्नागिरी ते मुंबईएवढं अंतर आहे.

उलट आज मॉडच कन्सोल वाचवतोय. ड्राइव्ह पार मेलेला पीएसटूसुद्धा मेमरी कार्डावरच्या फ्री मॅकबूटने सुरू होतो आणि गेम हार्ड डिस्कवरून चालवतो. माझ्याकडच्या अस्सल डिस्कचा गेम मी असा खेळलो तर कुणाचं काय लुटलं? नाहीतर तो डबा ई-कचऱ्यात जाणार, एवढाच काय तो पर्याय.

आपण हिंजवडीत बसून दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधतो, आणि घरातलं यंत्र रुसलं की "नवीन घे रे, किती दिवस वापरणार" म्हणतो. पगार आहे म्हणून जमतं. गावातल्या पोराला तोच एक कन्सोल असतो, आणि त्याला "मॉड केलंस ना, मग भोग" म्हणणारा प्रत्येक जण त्याच्याकडून पैशांबरोबर आणखी एक गोष्ट काढून घेतो: हे आपल्याला उघडून, समजून, दुरुस्त करता येईल हा विश्वास. माझ्या मावसभावाने परवा स्वतःहून शेजाऱ्यांचा बिघडलेला डीव्हीडी प्लेयर उघडला. आधी वही घेऊन बसला होता.

असो. पुढच्या वेळी कुणी "मॉडमुळेच होतंय" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "कशावरून?"