संशयित सगळे घरातलेच

'रात्रीस खेळ चाले' २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर सुरू झाली आणि भुताची मालिका म्हणून गाजली. सिंधुदुर्गातल्या आकेरीतला वाडा, काळोख, घरगडी पांडूचं ते 'इसारलंय'. पण नुसत्या भुतावर माणूस महिनोन्‌महिने रोज रात्री टीव्हीसमोर बसत नाही; भुताची भीती चार दिवसांत जुनी होते. लोक खिळून राहिले ते खुनाच्या कोड्यामुळे, आणि ते कोडं भावकीच्या जमिनीत पेरलेलं होतं म्हणून. पहिल्याच भागात घरातले कर्ते अण्णा नाईक जातात. त्यांचा मुंबईचा मुलगा माधव बायकामुलाला घेऊन गावी येतो, गावात राहून घरदार ओढणारा त्याचा भाऊ दत्ता तिथे असतोच, माहेरी असलेली बहीण छाया असते, आणि मग अण्णांची बाहेरची मुलगी सुषमा येऊन उभी राहते. प्रेत घरात असतानाच हिशेब सुरू होतात.

रहस्यकथेला बंदिस्त जागा लागते आणि त्या जागेतल्या प्रत्येकाकडे खुनाचं कारण असावं लागतं. ॲगाथा ख्रिस्तीला त्यासाठी कधी बर्फात अडकलेली आगगाडी लागली, कधी एकाकी बेट. सिंधुदुर्गात ही सोय महसूल खात्यानेच करून ठेवली आहे. आजोबा गेले की वारस नोंद होते, त्यांची मुलं गेली की पुन्हा होते; दोन-तीन पिढ्यांत एका सामायिक सातबाऱ्यावर नावांची रांग लागते. त्यातले निम्मे मुंबईत. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि एक चुलतभाऊ बोरिवलीत बसून सही देत नाही. जो गावात राहिला त्याला वाटतं, कौलं मी चढवली, घर माझं. जो गेला त्याला वाटतं, पैसे मी पाठवले. दोघंही खोटं बोलत नाहीत, म्हणूनच दोघंही संशयित म्हणून उत्तम. हिंदी मालिका 'सीआयडी'त १९९८ पासून शिवाजी साटम गुन्हे उकलत आले, पण तिथलं घर दर खेपेला नवं. मेलेल्याचं नाव पुढच्या भागापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. नाईकांचं घर मात्र रोज तेच. आणि तपासाला आलेला पोलीस घरात भर पंगतीत कुणी न विचारलेला प्रश्न सरळ विचारतो: अण्णा गेल्याने फायदा कुणाचा?

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की २०१९ मधलं मालिकेचं दुसरं पर्व पहिल्यापेक्षाही जास्त चाललं, आणि त्यात रहस्य होतं कुठे? अण्णाच खलनायक, हे उघड होतं. अण्णांची प्रेयसी शेवंताच लोकांना हवी होती म्हणा ना! ते काही अंशी खरं आहे. शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर आणि अण्णा झालेले माधव अभ्यंकर यांचं काम त्यात मोठं. पण दशावतारी नाटकं पाहणाऱ्या मुलखाला हा आक्षेप तितकासा पटू नये. नाटकाच्या सुरुवातीच्या आडदशावतारात संकासूर राक्षस मरणार हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात, आणि माणसं बसतात ती तो कसा मरतो हे पाहायला. पहिल्या पर्वात अण्णा म्हणजे मागे राहिलेला धाक आणि वाद होता. दुसऱ्याने मागे जाऊन तो वाद कुणी, कसा पेरला ते दाखवलं. खुनी माहीत झाला तरी कारण शोधायचं उरतंच.

कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, ही ओरड पहिल्यापासून झाली. अंधश्रद्धेपुरती ती रास्त आहे: जिथे लेखकाला धागा जुळवता आला नाही तिथे त्याने सावली नाचवली, आणि रहस्यकथेत ही सरळ चोरी आहे. बदनामीचं म्हणाल, तर भावाभावांतले दावे मालिकेने जन्माला घातलेले नाहीत. दिवाणी कोर्टात त्यांच्या तारखा आधीपासून पडत होत्या. आपल्याला झोंबलं ते मालवणी बोलीत, आपल्याच पडवीत बसून ते सांगितलं गेलं म्हणून. तेव्हा पुढची कोकणी खूनकथा लिहिणाऱ्याला एवढीच विनंती: भूत वगळा, आणि सुरुवात तलाठ्याच्या कार्यालयात करा.