स्वमग्नता : दाखल्याच्या पुढे काय?

मूल स्वमग्न आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी आपल्या देशात जी अधिकृत मोजपट्टी आहे, तिच्यात ४० बाबी आहेत. मूल इतरांत मिसळते की एकटे राहते, नजरेला नजर देते काय, ऐकलेले शब्दच पुन्हा उच्चारते काय, आवाजाने वा स्पर्शाने बिथरते काय, अशा प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण देऊन बेरीज केली जाते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मतिमंद संस्थेने (तिचे नाव आता बदलले आहे) ही पट्टी तयार केली आणि केंद्र सरकारने एप्रिल २०१६ च्या अधिसूचनेने तिला दाखल्याचा आधार मानले. त्या अधिसूचनेच्या कोष्टकाप्रमाणे बेरीज ७० झाली की अपंगत्व ४० टक्के धरावयाचे. आणि ४० टक्के हीच आरक्षणासारख्या बहुतेक सवलतींसाठी कायद्याने आखलेली किमान मर्यादा आहे. बेरीज ६९ भरली तर मूल स्वमग्न नाही. म्हणजे सारा फरक एका गुणाचा!

या मोजपट्टीला नावे ठेवण्याचा हेतू नाही. ती नव्हती तेव्हाची स्थिती अधिक वाईट होती. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, परंतु दाखला कसा द्यावयाचा याची रीत ठरण्यास २०१६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात कित्येक आईबापांनी, मूल मतिमंद नाही हे ठाऊक असूनही, त्याच्या नावे मतिमंदत्वाचा दाखला घेतला, कारण दुसरा मिळत नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश केला, ही प्रगतीच म्हणावी लागेल.

आक्षेप आहे तो त्या आकड्यावर टाकलेल्या भाराविषयी. लक्षणे किती वेळा दिसतात हे बेरीज सांगते. पण मुलाला कोणती मदत मिळाली तर तो शिकू शकेल, हे ती सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही चूक निराळ्या प्रकरणांत दोनदा दाखवून दिली आहे. ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्या उमेदवारालाही परीक्षेत लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, वैद्यकीय प्रवेश नाकारल्या गेलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवू नका, तो तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय ते पाहा, असे बजावले. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळांच्या अंगवळणी ही दृष्टी अद्याप पडावयाची आहे.

लहान मुलांसाठी कागदावरची योजना चांगली आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून मुले तपासतात आणि ज्यांच्याविषयी शंका येते त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवितात. परंतु वाचा-उपचार ही आठ दिवसांच्या औषधासारखी वस्तू नव्हे. तो आठवड्यातून दोनतीनदा, वर्षानुवर्षे चालावयास हवा. आडगावच्या शिक्षकाने किंवा तालुका कचेरीतील कारकुनाने इतक्या रजा आणाव्यात कोठून? हे काम मुलाच्या शाळेतच झाले पाहिजे आणि तेथे विशेष शिक्षक हवा. अशा दर १० विद्यार्थ्यांमागे प्राथमिक स्तरावर आणि दर १५ विद्यार्थ्यांमागे वरच्या स्तरावर एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण, न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर, केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवून दिले. पदे मंजूर करून ती नियमित भरतीने भरा, हे राज्यांना मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. यावर भाष्य करण्याची गरज नाही.

तरीही मुलाकडे निदान कोणाचे तरी लक्ष आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की तेही संपते. मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयाचा आणि आरोग्य पथकांचे कामही अठराव्या वर्षापर्यंतच. स्वमग्नता मात्र वाढदिवस पाहून थांबत नाही. ती जन्मभराची असते. आज चाळिशीत असलेली माणसे शाळेत होती तेव्हा हा शब्द आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांनी ऐकलाही नव्हता. ती हट्टी, एककल्ली, विक्षिप्त म्हणून ओळखली गेली. कचेरीतील प्रत्येक अबोल सहकारी स्वमग्न असतो असे नव्हे; परंतु जो असतो, त्याने तपासणीस जावयाचे ठरविले तर डॉक्टर त्याला बालपण विचारणार, आणि ते सांगणारी आई कदाचित हयात नसते. नजरेला नजर द्यावी हे तो टक्केटोणपे खाऊन शिकलेला असतो, त्यामुळे तेथेही गुण कमी पडतात. बायकांच्या बाबतीत हे विशेष घडते. मुलीचे अबोल असणे आपल्या घरांत सद्गुणच समजले जाते. अशा माणसाला नोकरीत लागते ते थोडे असते. काम लेखी सांगावे, बसण्याची जागा सारखी बदलू नये, बदल होणार असेल तर आधी कळवावे. २०१६ च्या कायद्याने अशी वाजवी सोय करणे सरकारी कचेऱ्यांवर बंधनकारक केले आहे. नोकरीतील ४ टक्के आरक्षणाचे पाहू जाता स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून त्यांतील एकच टक्का आहे. लेखी परीक्षेत ज्याचा जम बसतो तो पुढे जातो, बाकीचे मागे राहतात.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था जगापुढे मांडली, त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी कॅनर यांना ३३ पानांचे पत्र लिहून मुलाच्या बारीकसारीक सवयी कळविल्या होत्या. हा मुलगा पुढे अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, आपल्या फॉरेस्ट या लहानशा गावी, बँकेत हिशेबनीस म्हणून अनेक दशके नोकरी करीत राहिला, गोल्फ खेळला, प्रवास केला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्या बँकेत घराण्याचा वाटा होता, हे विसरून चालणार नाही. गरिबाच्या मुलाला हे भाग्य लाभले असते काय, हा प्रश्न उरतोच. पण गावाने त्याला त्याच्या लकबींसकट चालवून घेतले, आणि यात पैशाचा भाग थोडा होता.

आपल्याकडे ज्यांच्या घराण्याची बँक नाही त्यांना आपल्या पश्चात मुलाचे कोण, ही चिंता असते. मूल सज्ञान झाले की त्याच्या वतीने सही करण्याचा आईबापांचा अधिकारही आपोआप चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याने त्यासाठी जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचा समावेश असलेली स्थानिक समिती ठेवली आहे. ती पालक नेमू शकते. तिने दर तीन महिन्यांनी एकदा किंवा गरजेनुसार बसावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. या तरतुदीची माहिती दाखला हाती देतानाच आईबापांना का दिली जात नाही? याच न्यासाची निरामय ही विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च सोसते आणि उपचारही तीत येतात, हेही कित्येकांना उशिराच कळते.

आणि ही माणसे आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे प्रकार विचारले गेले, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०२७ च्या जनगणनेत तिचा स्वतंत्र रकाना असला पाहिजे आणि त्यातील वयाचे आकडे जिल्हावार प्रसिद्ध झाले पाहिजेत. ते हाती येईपर्यंत आपल्या जिल्ह्याची न्यास समिती गेल्या वर्षात कितीदा बसली आणि तिने किती पालक नेमले, एवढे तरी जिल्हाधिकारी कचेरीला माहितीच्या अधिकाराखाली विचारता येईल. अर्जाचा खर्च दहा रुपये आहे.