मांडव मोडला; मुलीचे काय?

१०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन येतो, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोहोचतात, 'अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही' असे हमीपत्र बापाकडून लिहून घेतात आणि दुसऱ्या दिवशी 'बालविवाह रोखला' अशी बातमी येते. वृत्तपत्रांचे कामही तिथेच संपते. मुलगी मात्र त्याच घरात राहते. जेवणावळीचा खर्च बुडवला म्हणून भावकी तिला काय काय ऐकवते, याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. मग कधी तरी पाहुण्यांच्या गावच्या देवळात गुपचूप अक्षता पडतात.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर परभणी जिल्ह्यात तब्बल ४८ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडप्याला, म्हणजे 'कोयत्या'ला मिळते आणि वयात आलेली पोर गावात एकटी ठेवायची धास्ती असते, म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. नुसत्या गुन्ह्याच्या धाकाने ही गणिते बदलत नाहीत.

२००६चा बालविवाह प्रतिबंध कायदा तसा बरा आहे. जबरदस्तीने, फसवून किंवा विकून लावलेले अल्पवयीन मुलीचे लग्न त्याच्या बाराव्या कलमानुसार मुळातच रद्दबातल ठरते. एरवीचा बालविवाह रद्द करायला मात्र तिने वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी न्यायालयात अर्ज करायला हवा. नेसत्या कपड्यांनिशी सासरहून पळालेली, आधार कार्ड नवऱ्याच्या कपाटात आणि कडेवर मूल, अशी पोर जिल्ह्याच्या ठिकाणी वकील कसा गाठणार? अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या सखी केंद्रातला आसरा अवघ्या काही दिवसांचा. कुंटणखान्यातून सोडवलेल्या बाईची तऱ्हा उलटी: १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याने तिला तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवता येते. ही सुटका की कैद, हे तिलाच विचारलेले बरे.

स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तेव्हा लग्न रद्द करण्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आपणहून बालविवाहात अडकलेल्या मुलीपर्यंत न्यावा. स्वतःच्या कमाईवर उभी राहीपर्यंत तिला निवारा मिळावा, कागदपत्रे नव्याने काढून द्यावीत, शाळेचे दार उघडे ठेवावे. आणि यंदा ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी जुनी हमीपत्रे बाहेर काढून त्यातली प्रत्येक मुलगी आज कुठे आहे, याचा शोध घ्यावा.